शेठच्या गाडीचे ब्रेकपॅड

चिपळूणच्या बाजारात मोहनशेठांचे गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान होते. ते व्यापारी संघाचे अध्यक्षही असल्याने त्यांच्या मालावर शंका घेणे हा उद्धटपणा मानला जाई.

आरोग्यसेविका सुलभा कदम यांना मात्र शंका आली. त्यांची मोटरसायकल वीस वर्षांची, रोज कुंभार्ली घाट उतरणारी. आणि शेठनी पुढे केलेल्या ब्रेकपॅडच्या खोक्यावर कंपनीचे नाव तिरके छापलेले.

"अस्सल आहेत ना हो?"

"सिस्टर, बत्तीस वर्षं धंदा करतोय. डोळे मिटून बसवा!"

दाराशी शेठची स्वतःची मोटरसायकल उभी होती. तेच मॉडेल, तेवढीच जुनी.

"मग असं करू," सिस्टर म्हणाल्या. "हे नवे तुमच्या गाडीला बसवा आणि तिचे झिजलेले मला द्या. पैसे नव्यांचेच देते."

दुकानातल्या मेकॅनिकने लगेच पाना उचलला. इतका फायद्याचा सौदा शेठना जन्मात मिळाला नव्हता, तरी ते ओरडले, "अरे, हात लावू नकोस! मला उद्या घाट उतरायचाय!"

"आणि मी काय विमानानं उतरते?"

कमरेची किल्ली काढून शेठनी आतले कपाट उघडले आणि कंपनीचे नाव सरळ छापलेले खोके बाहेर काढले.