खिंडीतून दिसणारं नगर

एकदा एका व्यापाऱ्याला वाटू लागलं, की आपलं नगर फारच ठेंगणं आहे. हळदीच्या व्यापारापायी तो देशोदेशी हिंडला होता, राजधान्या पाहून आला होता, आणि राजधानी पाहून आलेल्या माणसाला घरचं काही बरं दिसत नाही. तिथले ते उत्तुंग प्रासाद आठवायचे आणि इथं पाहावं तर काय? देवळाचं एक शिखर, मशिदीचा एक मिनार, नदीकाठची जुनी चिंच, आणि बाकी सारी कौलं नि गच्च्या, खांद्याला खांदा लावून बसलेल्या. त्यानं मनाशी ठरवलं, की हवेलीसमोर असा मनोरा उठवायचा, की येणाऱ्या-जाणाऱ्यानं तोंडात बोट घालावं.

त्याच्या पत्नीला हा बेत कधीच मान्य नव्हता. 'मी आहे तोवर हे होणे नाही,' असं तिनं एक घाव दोन तुकडे करून सांगितलं होतं, आणि साऱ्या नगराला ते ठाऊक होतं. बेत वर्षानुवर्षं तसाच पडून राहिला. पुढे ती अंथरुणाला खिळली. बोलायची ताकद उरली नाही, तेव्हा व्यापाऱ्याला वाटलं, चला, हिची हरकत मिटली. अशक्तपणालाच संमती समजणारी माणसं आपल्यातही थोडी नाहीत.

नगरात एक वृद्ध वास्तुशिल्पी राहत. लोक त्यांना आचार्य म्हणत. त्यांचा शिष्य राजधानीतून आलेला, हाताचा कुशल आणि मनानं जरा जास्तच ताठ. मनोऱ्याचा आराखडा त्यानंच काढला. आचार्यांनी तो पाहिला, रेषा सुंदर आहेत म्हणाले, आणि पाया खणण्याआधीच एक विचित्र काम सांगितलं. मनोऱ्याच्या पूर्ण उंचीएवढी बांबूंची परांची बांधायची, तिला चहूबाजूंनी काळी कांबळी गुंडाळायची, आणि मग काहीच करायचं नाही. व्यापाऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आचार्यांनी त्याला शांतपणे सांगितलं, की दगड एकदा चढला की उतरत नाही, म्हणून थोडे दिवस हे असंच राहू द्या, आणि जमलं तर एकदा खिंडीत जाऊन तिथून पाहून या. व्यापारी काही गेला नाही. त्याला सवड नव्हती.

मग आचार्यांनी शिष्याला पाठवलं. नगराकडे येणारी वाट पश्चिमेच्या डोंगरातल्या खिंडीतून उतरते. तिथं रोज दिवस कलताना जाऊन बसायचं, आणि कोणी वाटसरू येऊन थबकला तर त्याला विचारायचं, कोणाच्या घरी निघालात. शिष्यानं कारण विचारलं. आचार्य म्हणाले, बसशील तर कळेल.

शिष्य गेला, पण कपाळावर आठ्या घेऊनच. आपण शास्त्र शिकायला आलो की जकातनाक्यावर बसायला, असं त्याला झालं. कोणाला विचारणं तर दूरच. तो खडकाला टेकून आपल्याच मनोऱ्याकडे पाहत बसे. कांबळ्यांचा असला म्हणून काय झालं, आकार त्याचा होता! आणि खरोखरच, खिंडीत येणारा जो तो थबके, कपाळावर हात आडवा धरून नगराकडे पाही, मान इकडे-तिकडे करी. शिष्याची छाती फुगे. त्याला वाटे, पाहा, नुसत्या सांगाड्यानं ही गत, दगडाचा झाल्यावर काय होईल!

एका तिन्हीसांजेला एक बाई आली. बैलगाडी चढणीखाली ठेवून, हातात गाठोडं घेऊन, धापा टाकत चढून आली आणि एकदम उभी राहिली. ती शिखराच्या उजवीकडे पाही, डावीकडे पाही. शेवटी एका दगडावर चढली. खूप वेळ पाहिल्यावर तिचे डोळे भरून आले. तिनं नगराच्या दिशेनं हात जोडले, आणि आल्या वाटेनं परत फिरली.

शिष्य हवेत तरंगतच खाली आला. त्यानं आचार्यांना सगळं रंगवून सांगितलं, की आज एका बाईच्या डोळ्यांत मनोरा पाहून पाणी आलं.

आचार्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्यांनी एवढंच विचारलं, की तू तिला विचारलंस का. शिष्यानं नकारार्थी मान हलवली. तेव्हा ते खाली बसले आणि जड आवाजात बोलू लागले.

"बाळ, मोठं नगर पाहणाऱ्याला दिपवतं. तिथं आपलं घर शोधायला कोणी खिंडीत थांबत नाही, कारण ते सापडणारच नसतं. लहान नगराचं रूप वेगळं. ते एका नजरेत मावतं, म्हणून त्यात प्रत्येकाला आपलं छप्पर सापडतं. तू ज्यांना मनोऱ्यापुढे थबकलेले समजलास, ती सगळी माणसं आपापलं घर शोधत होती. इथं एक रीत आहे. घरात कोणी अत्यवस्थ असलं आणि परगावच्या माणसाला निरोप गेला असला, की तिन्हीसांजेला छपरावर दिवा ठेवतात. खिंडीत पोचलेल्याला कळावं, अजून वेळ आहे. कालपासून हवेलीच्या गच्चीवर दिवा आहे. तिथली आई परगावी दिलेल्या लेकीची वाट पाहते आहे."

शिष्य रडू लागला. आचार्य म्हणाले, "रडू नकोस. दोष निम्मा माझा आहे. दिवा लागला त्याच वेळी मी ती कांबळी उतरवायला हवी होती. तुला कारणही सांगायला हवं होतं. शिष्यानं आपणहून शोधून काढावं, ही आम्हा गुरुमंडळींची हौस! आता ऊठ, आणि व्यापाऱ्याला सांग."

व्यापाऱ्यानं ऐकलं आणि स्वतः गाडी जुंपली. शिष्य बरोबर गेला. इकडे आचार्यांनी माणसं लावून परांची खाली ओढायला घेतली.

बापलेकीचं बोलणं लग्नापासून तुटलेलं होतं. तिचं माहेर म्हणजे फक्त आई. दुसऱ्या दिवशी हे दोघं तिच्या दारात पोचले, तेव्हा ती आईच्या नावानं न्हाऊन, ओल्या केसांनी ओसरीच्या कोपऱ्यात बसली होती. व्यापारी उंबऱ्यापाशीच थांबला. शेवटी शिष्यानंच सांगितलं, की आई आहे, दिवा मनोऱ्याआड गेला होता, आणि मी तिथं असून तुम्हाला विचारलं नाही.

ती बापाकडे वळली. मग म्हणाली, "दिवा दिसला नाही, तरी मी खाली उतरले असते, बाबा. पण मनोरा उभा दिसला. म्हटलं, म्हणजे आई गेली. ती असताना तुम्ही तो उठवणार नाही, एवढा माझा तुमच्यावर विश्वास होता."

व्यापाऱ्यानं मान खाली घातली. ती तशीच उठली आणि गाडीत जाऊन बसली.

खिंडीत पोचून गाडीतून उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती. परांची गेली होती. शिखर, मिनार, चिंच, आणि त्यांच्यामध्ये हवेलीची गच्ची, कठड्यासकट, अगदी स्पष्ट दिसत होती. आजूबाजूच्या घरांतून उजेड दिसू लागला होता. गच्चीवर अंधार होता.

व्यापारी वाटेतच मटकन खाली बसला. लेक मात्र थांबली नाही. ती उतरू लागली, आणि तिचं गाठोडं उचलून शिष्य तिच्या मागोमाग निघाला. मनोऱ्याच्या रेषा त्याला अजूनही तोंडपाठ होत्या, आणि त्या विसरता येतील असं त्याला वाटत नव्हतं.

आपल्याही मनात कधी काही उंच उभारायचं आलं, तर त्याची उंची मागाहून ठरवावी. त्याच्याआड कोण जाणार आहे, हे आधी पाहून यावं.