पदर झटका, पण आत येऊन

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या गावाचं नावही आता कुणाला आठवत नाही. गावच्या काळोख्या देवळाला वर एकच झरोका होता. वर्षातून एका सकाळी त्यातून उन्हाचा तिरपा दांडा सभामंडपात उतरे. वर्षभरात जन्मलेली बाळं तिथे आणत. बाळानं किरण धरायला हात पुढे केला की त्याचं नाव ठेवत. नाही केला, तर ते आणखी वर्षभर बिननावाचं राही.

चुनाभट्टीवर चुना कुटणारी एक बाई होती. तिची दोन बाळं नाव मिळण्याआधीच गेली होती. ही तिसरी पोर मात्र जगली होती, आणि आज तिचा दिवस होता.

त्या वर्षी गावाला नवा कारभारी आला होता. माणूस भला, पण स्वच्छतेचं भारी वेड! त्यानं आठ दिवस देऊळ धुऊन घेतलं, धूप बंद केला आणि स्वतः दाराशी उभा राहिला.

"अगं, अंगभर चुना घेऊन कुठे निघालीस?"

"धुऊन आलेय, मालक. पण आमचा चुना लुगड्यातून जात नाही. पोरीला तेवढं आत नेऊ द्या."

"पुढच्या वर्षी बघू."

बाई पायरीवर बसली. आत किरणाची वेळ झाली. फरशीवर उजेडाचा एक ठिपका पडला, पण मधला दांडा कुणालाच दिसेना. बाळं अंगठे चोखत राहिली. एकानंही हात पुढे केला नाही.

"किरण रुसला!" आया रडू लागल्या. कारभाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं.

बाईला राहवलं नाही. ती धावतच आत शिरली आणि झरोक्याखाली पोरीभोवती गुंडाळलेला पदर सोडवून तिनं तिला उंच धरलं. पदरातला चुना भुरभुर उडाला, आणि झरोक्यापासून फरशीपर्यंत लख्ख दांडा उभा राहिला! पोरीनं दोन्ही मुठी पुढे केल्या. मग काय, सगळीच बाळं झेपावू लागली.

"किरण आलाच होता, कारभारी," म्हातारे पुजारी म्हणाले. "त्याला दिसायला धुळीचा आधार लागतो. तोच तुम्ही धुऊन टाकलात."

बाईनं पोरीचं मनात जपलेलं नाव मोठ्यानं घेतलं. तिला रडू आवरेना.

पुढच्या वर्षीही कारभारी दाराशी उभा होता. भट्टीवरच्या बाया पायरीशी थांबून पदर झटकू लागल्या, तसा तो घाईनं म्हणाला, "अहो, इथे नको! आत येऊन झटका."

मळके म्हणून ज्यांना आपण दाराबाहेर ठेवतो, त्यांच्यामुळेच कित्येकदा आपल्याला उजेड दिसतो.