गोमीबायची रांजणातली केळ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते आडखारात कुणालाच धड सांगता येत नाही. एक म्हातारा शंभर म्हणेल, दुसरा तीनशे, आणि दोघंही आपापल्या आजीची साक्ष काढतील. पण गोमीबाय होऊन गेली, याबद्दल मात्र दोघांचं एकमत.

आडखार म्हणजे खाडीकाठचं मिठागरांचं गाव. जिकडे बघावं तिकडे मिठाचे पांढरेफटक ढीग. जमीन अशी खारट, की अंगणात लावलेली तुळससुद्धा चार दिवसांत मान टाकायची. गोडं पाणी खाडीपलीकडून मचव्यात भरून यायचं, घरामागे दिवसाला दोन हंडे. त्यातच पिणं, त्यातच रांधणं.

अशा गावात गोमी सून म्हणून आली, ती पाणेरीहून. पाणेरी खाडीच्या वरच्या अंगाला, विहिरींचं आणि केळीच्या बागांचं गाव. पाठवणीच्या वेळी आईनं परसातल्या बुटक्या केळीचं एक पिल्लू, म्हणजे बुडाशी फुटलेला कोंब, ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिलं. घराची आठवण आली की याला पाणी घाल, एवढंच ती म्हणाली.

सासू धाकूबाय तोंडाची फटकळ. लोकांच्या सुना भांडीकुंडी आणतात, आमची झाड घेऊन आली, असं ती गावभर सांगत सुटली. परसात एक तडा गेलेला रांजण पडून होता. त्याच्या बुडाला गोमीनं भोक पाडलं, मचव्यातून माहेरची माती आणवली, त्यात शेणखत आणि चुलीतली राख मिसळली आणि पिल्लू लावलं. पाणी म्हणाल तर तांदूळ धुतलेलं, आणि वर आपल्या पिण्याच्या वाट्यातला एक तांब्या.

पुढच्या पावसाळ्यात पाणेरीचा बांध फुटला. खाडी बागांमध्ये शिरली आणि केळी उभ्या जळून गेल्या. त्याच वर्षी आई गेली. भाऊ पोटामागे कुठल्या कुठे पांगले. आता गोमीचं माहेर म्हणजे परसातला तो रांजण. रोज सकाळी तांब्या उचलताना ती म्हणायची, "माहेरी जाऊन येते," आणि चार पावलं चालून परसात जायची. धाकूबाय ऐकायची. पहिल्यांदा हसली, मग हसायची थांबली.

केळ छातीएवढी झाली आणि तिथंच थांबली. बुटकीच जात ती. मग केळफूल बाहेर पडलं, घड लागला, त्याला बांबूचा टेकू द्यावा लागला. असं म्हणतात, की घड वाढता वाढता रांजणाच्या काठाला टेकला, तेव्हा सगळं आडखार बघायला लोटलं. त्यातल्या निम्म्यांनी झाडावरची केळी जन्मात पाहिली नव्हती. घरटी एकेक केळं वाटलं. धाकूबायनं आपलं केळं दोन दिवस पदराला बांधून मिरवलं आणि मग खाल्लं.

केळ एकदाच फळते. घड दिला की तिचं संपलं, पुढचं सगळं बुडाशी आलेल्या पिल्लावर. रांजणात पिल्लू एकच आलं होतं. गोमीनं जुना खांब कापला आणि त्या पिल्लाला मातीची भर दिली.

त्याच सुमाराला हंगामाचं पहिलं मीठ निघालं. पहिली ओंजळ ज्यानं आपलं भलं केलं त्याच्या पायाशी ठेवायची, ही आडखारची रीत. मीठ म्हणजे त्यांची लक्ष्मी. गोमी मिठागरावर गेलेली असताना धाकूबायनं ती ओंजळ केळीच्या बुडाशी ठेवली आणि हात जोडले. ओंजळीनं तिचं मन भरेना, म्हणून वरून एक सूपभर ओतलं आणि मायेनं मातीत कालवलं.

आठवडाभरात पिल्लाच्या पानांच्या कडा करपल्या. गोमीनं माती उकरली, चिमूट जिभेवर ठेवली, तर ती खारट लागली. धाकूबायला सगळं उमगलं. ती आत गेली, घरातले दोन्ही हंडे एकेक करून बाहेर घेऊन आली.

"माजे वाट्याचा पानी घे," ती म्हणाली. "तुजा माहेर मी मरून देनार नाय."

दोघी वरून पाणी ओतत राहिल्या. बुडाच्या भोकातून ते बाहेर यायचं, गोमी बोटानं जिभेला लावायची आणि मान हलवायची. खारट. हंडे संपले. मग धाकूबाय स्वतः दारोदार फिरली, स्वतःची चूक स्वतःच्या तोंडानं सांगत. प्रत्येक घरानं पिण्यातला एक तांब्या दिला. त्या दिवशी अख्खं गाव तहानेलं राहिलं, पण कुणी कुरकुर केली नाही. केली असेल एखाद्यानं, पण त्याचं नाव कुणी लक्षात ठेवलेलं नाही. असं म्हणतात, की बावीस घरांचे बावीस तांबे ओतले, आणि शेवटचं पाणी शहाळ्याच्या पाण्यासारखं गोड निघालं.

पंधरा दिवसांनी करपलेल्या पिल्लाच्या पोटातून पोपटी पान सुरळी करून वर आलं. पुढे त्याच्याभोवती नवी पिलं फुटली, मोजून बावीस. एवढ्याशा रांजणात ती मावली कशी, हे आडखारात विचारू नये. गोमीनं तांब्या देणाऱ्या प्रत्येक घराला एकेक पिल्लू दिलं. आई-केळीजवळ एकच ठेवा, बाकीची देऊन टाका, साठवलीत तर सगळीच उपाशी राहतील, असं ती प्रत्येकाला बजावायची.

गोमीबाय गेली, धाकूबाय तर तिच्याही आधी गेली. आता आडखारात नळ आहेत, मिठागरं थोडीच उरली आहेत. पण दारोदारी फुटक्या रांजणात, पिंपात, जुन्या टाकीत बुटकी केळ आहेच, आणि ती सगळी त्या एका पिल्लाची.

नवी सून गावात आली, की उंबरठ्याआधी तिला केळीपाशी नेतात. सासू तिच्या हातात गोड्या पाण्याचा तांब्या देते आणि म्हणते, "तुजा माहेर मी मरून देनार नाय." सून पाणी ओतते. बिचारीला यातलं काही ठाऊक नसतं, ती नुसती माहेरच्या आठवणीनं रडत असते. सासू वाकते, बुडातून ठिबकणारं पाणी बोटावर घेऊन जिभेला लावते, "गोड हाय" म्हणते, आणि मगच सुनेचा हात धरून तिला घरात नेते.