हौसाबाईंची जन्मतारीख

"आता तरी सांगा सर, मी कोण?"

मोमीन सर चहा फुंकत राहिले. मिरजेत सतारीच्या कारखान्याच्या वरच्या खोलीत ते आम्हाला वेबसाइट बनवायला शिकवतात.

शार्दूल कोठावळे थांबायला तयार नव्हता.

"पडद्यावर दिसतं ते करणारा फ्रंटएंडवाला. मागे माहिती सांभाळणारा बॅकएंडवाला. मी दोन्ही करतो, एकट्याने. मग मी फुलस्टॅक, की त्याच्याही वरचा?"

वरचा म्हणे! पण गडी हुशार, हे कबूल करायलाच हवं. रक्तपेढीची साइट त्याने एकहाती उभी केली होती. उन्हाळ्यात रक्ताचा तुटवडा, म्हणून रक्तदात्यांनी मोबाइलवरच नाव नोंदवायचं. अकरा वाजता साइट सगळ्यांसाठी सुरू होणार होती. फसली तर पेढी पुन्हा वही उघडणार. आमची वैदेही फ्रंटएंडमध्ये सरस. ती मदतीला आली, तर या शहाण्याने तिला परत पाठवलं होतं.

सर उठले. खिडकीतून खाली वाकले.

"हौसाबाई, जरा वर या."

हौसाबाई खाली सतारीचे भोपळे घासतात. हात पदराला पुसत आल्या.

"रक्त देणार का?"

"देईन की! त्यात काय?"

सरांनी साइट उघडून मोबाइल त्यांच्या हातात दिला. नाव झालं, गाव झालं. मग जन्मतारीख. पडद्यावर चालू महिन्याचं कॅलेंडर आलं, मागे जायला एक बारीक बाण.

"बहात्तरच्या दुष्काळातली मी. गुरुजींनी शाळेत एक जून घातली."

बाई बाण दाबू लागल्या. एक दाब, एक महिना.

दाबतायत... दाबतायत...

"आवं मास्तर, बोट दुखाय लागलं, आन् आत्ता कुठं कोरोना आला!"

कंटाळून त्यांनी तिथलीच एक तारीख दाबली आणि 'पुढे' केलं.

पडदा म्हणाला, 'आपले वय ५ वर्षे. १८ पूर्ण झाल्यावर यावे.'

"तेरा वर्सांनी ये म्हणतंय," हौसाबाई म्हणाल्या. "तवर भोपळे घासते."

आम्ही पोट धरून हसलो. शार्दूल हसला नाही.

"बॅकएंडने वय बरोबर काढलं?" सरांनी विचारलं.

"हो सर."

"फ्रंटएंड देखणं आहे?"

"...हो सर."

"मग बाई का चालल्या?"

घड्याळात दहा वीस झाले होते. शार्दूलने खिशातून मोबाइल काढला. आणि मग त्याने जे केलं, ते मला आजही आवडतं. त्याने सगळ्यांसमोर वैदेहीला फोन लावला.

"वैदेही, चुकलो. येतेस?"

ती दहा मिनिटांत आली. टोमणा मारला नाही. पडद्याकडे एकदाच पाहिलं.

"अरे, त्यांना लिहू दे की! तीन रकाने. दिवस, महिना, साल."

ती पुढचं बदलू लागली, तो मागचं जोडू लागला. कुणी कुणाला काही शिकवलं नाही. अकराला पाच मिनिटं असताना हौसाबाईंनी पुन्हा मोबाइल घेतला.

एक. सहा. एकोणीसशे बहात्तर.

'धन्यवाद, हौसाबाई. आपले नाव नोंदवले आहे.'

"घेतलं की वो मला!" बाई अशा ओरडल्या की खालचे कारागीर जिन्यात आले, आणि जिन्यातच त्यांनीही नावं घातली.

अकराला साइट सगळ्यांसाठी सुरू झाली. दुपारी एकपर्यंत दोनशे चौदा नावं! पेढीच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला, आनंदाने त्यांना धड बोलता येईना. शार्दूल आणि वैदेहीने एकमेकांना अशी टाळी दिली की सरांचा चहा सांडला. आमची छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू?

शार्दूल सरांच्या पाया पडला. उठताना हळूच म्हणाला,

"सर, आता सांगा... मी कोण?"

सरांनी मोबाइलवर नोंदणीचा कोरा अर्ज उघडला. त्याच्यापुढे धरला.

"रक्तगट काय तुझा?"