दोन चिंचोक्यांचा भार

माणसांनी अजून तराजू केला नव्हता, तेव्हाची गोष्ट. ओढ्याकाठच्या चिंचेची एक म्हातारी फांदी होती. अंगावर कोण येऊन बसलंय, हे ती नुसत्या भारावरून ओळखायची. तिच्यावर खारूताईचं घरटं होतं आणि घरट्यात तीन पिल्लं.

एके दिवशी फांदी म्हणाली, "खारूताई, मी दोन चिंचोक्यांइतकी जास्त वाकलेय. माझ्यावर आणखी कुणीतरी आहे."

खारूताई शेंड्यापर्यंत जाऊन आली. कुणीच दिसलं नाही. मग सुतार पक्ष्याने फांदीवर चोच आपटून पाहिली आणि मान हलवली. "म्हातारी आतून पोकळ झालीय. पिल्लं हलव, ताई, नाहीतर जातील ओढ्यात!"

एक पिल्लू तोंडात धरून खारूताई निघालीच.

"थांब गं," फांदी म्हणाली. "पोकळ असते, तर वाकले तशीच राहिले असते. पण हा भार सरकतो. ऊन चढलं की शेंड्याकडे, कललं की खोडाकडे. म्हणजे तो जिवंत आहे. आणि तुम्हाला दिसत नाही, म्हणजे अगदी काडीसारखा असणार. आत्ता तिसऱ्या डहाळीपाशी बघ."

पिल्लू घरट्यात ठेवून खारूताईने तिथली एकेक काडी हुंगली. सातव्या काडीला एकदम पाय फुटले आणि ती टपकन खाली गवतात पडली.

फांदी हळूच वर आली. खारूताईने तिच्या सालीवर गाल घासला.

"पण अजून अर्ध्या चिंचोक्याने खालीच आहे मी," फांदी पुटपुटली.

या वेळी सुतार पक्ष्याने चोच आपटली नाही.

"कुठल्या डहाळीपाशी, आजी?" त्याने विचारलं.