मोराचं लॉन आणि स्वस्तातली भोकं

मोरांना नाचायला स्वतःचं लॉन लागायचं, त्या काळातली ही गोष्ट. एका मोराने नाचून नाचून आपल्या लॉनची जमीन फरशीसारखी कडक करून टाकली. पाणी मुरेना, गवत पिवळं पडलं. शेवटी त्याने गांडुळाला बोलावलं.

गांडूळ लॉनभर फिरलं आणि म्हणालं, "साहेब, माती घट्ट बसलीय, मुळांना हवा मिळत नाही. आठ दिवस बारीक भोकं पाडावी लागतील. दोन टोपल्या पालापाचोळा घेईन."

हाच पालापाचोळा मोर रोज झाडून जाळत असे. तरी तो उसळला, "दोन टोपल्या? अरे, भोक म्हणजे काय? जिथे काहीच नाही, ते! काही नसण्याची एवढी किंमत?"

"भोक कुठे पाडायचं आणि केवढं, ते कळण्याची किंमत आहे, साहेब."

"चल, निघ," म्हणत मोराने घुशीला बोलावलं.

घूस म्हणाली, "अर्धी टोपली द्या. शिवाय माझं एक भोक गांडुळाच्या शंभर भोकांएवढं."

मोर खूश झाला. घुशीने दुपारपर्यंत काम उरकलं आणि जाता जाता गवताची मुळंही खाल्ली.

संध्याकाळी लांडोरी नाच बघायला जमल्या. मोराने पिसारा फुलवला, पहिली गिरकी घेतली आणि तो मानेपर्यंत भोकात गेला. लांडोरींनी मिळून त्याला बाहेर ओढलं, पण निम्मी पिसं आतच राहिली.

उरलेली पिसं झटकत मोर ऐटीत म्हणाला, "काही म्हणा, अर्ध्या टोपलीत एवढं मोठं भोक दुसरं कोणी देणार नाही!"