पेढ्याने न उघडलेले दार

एका आचार्यांचा एक शिष्य कुत्र्यांना इतका भीत असे, की भिक्षेला जाताना दोन गल्ल्यांचा वळसा घाली. आचार्यांनी भीतीचे कारण विचारले नाही, उपदेशही केला नाही. आश्रमातल्या कुत्र्याला रोज भाकरी घालायची आणि रोज एक पाऊल पुढे सरकायचे, एवढेच सांगितले. महिन्याभरात कुत्रे शिष्याच्या मांडीवर घोरू लागले आणि शिष्य स्वतःला सर्वज्ञ समजू लागला. "मनात काय आहे ते विचारायचे कशाला? वागणे बदला, झाले!" असे तो येईल त्याला ऐकवी.

अशात एक व्यापारी रडवेला होऊन आला. "आचार्य, आई दोन महिने आमच्यात जेवत नाही. दार लावून एकटीच बसते. माझ्या घशाखाली घास उतरत नाही हो."

आचार्यांनी तोंड उघडण्याआधीच शिष्य म्हणाला, "सोपे आहे! त्या दाराबाहेर आल्या की हातावर पेढा ठेवा."

आठ दिवसांनी शिष्य मोठ्या ऐटीत आचार्यांना घेऊन व्यापाऱ्याकडे गेला. म्हातारी दार उघडी, पेढा घेई, "औक्षवंत हो" म्हणे आणि पुन्हा कडी लावी. दिवसातून अकरा वेळा. पंगतीत तिचा पाट मात्र रिकामाच.

पुढच्या खेपेला दार उघडताच आचार्यांनी ताटलीतला पेढा उचलून स्वतःच्याच तोंडात टाकला.

"अहो, माझा होता तो!" म्हातारी म्हणाली.

"माई, जेवायला का येत नाही?"

म्हातारीचे डोळे भरून आले. "दात गेले. आमटीचा भुरका वाजतो. व्याही पंगतीला बसले होते, त्यांच्यादेखत हा म्हणाला, 'आई, भुरके मारू नकोस.' मेल्याहून मेल्यासारखं झालं मला."

व्यापाऱ्याची मान खाली गेली.

"मग पेढे कसे खाल्लेत?" शिष्याने चिडून विचारले.

"अरे बाळा, पेढ्याला दात कुठे लागतात?"

आचार्य हसले. "तुझी युक्ती खोटी नव्हे. कुत्र्याच्या बाबतीत कारणे उकरत बसलो असतो, तर तू अजून वळसेच घालत असतास. पेढ्याने यांनाही उंबऱ्यापर्यंत आणलेच. पण सल मनात होता आणि तू पावले मोजत राहिलास. पेढा मधे होता तोवर त्यांना विचारायचे कोणाला सुचले नाही, म्हणून तो दूर केला. शिवाय चांगला होता."

व्यापारी आमटीची वाटी घेऊन आईच्या खोलीत शिरला, तिच्याशेजारी बसला आणि त्याने असा भुरका मारला, की अंगणातली मांजर पळाली.

"हळू रे, सून ऐकेल!" म्हणत आई पदरात हसली. दुसरा भुरका तिचा होता.

शिष्य पळी घेऊन तिच्यासमोर वाकला. वाढणार तोच थांबला आणि त्याने हळूच विचारले, "आजी, अजून हवी का?"